कुटुंबात सदस्य जोडा

४ फेब्रुवारी

पत्राच्या सुरुवातीला काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून वरची जागा कोरी सोडली आहे. पूर्वी मी तुम्हाला 'अहो' म्हणत असे, पण ते हाकेच्या अंतरावरच्या माणसाला म्हणायचं असतं. 'प्रिय' लिहिलं असतं तर तुम्हालाही हसू आलं असतं. तेव्हा सरळ कामाचं लिहिते.

काम एक बटण दाबायचं आहे.

आपल्या चर्चच्या मंडळीची डिरेक्टरी आठवते ना? दर दोन वर्षांनी मी कचेरीत बसून नावं, पत्ते, वाढदिवस गोळा करायची आणि छापून आली की तुम्ही पहिल्यांदा आपलं पान उघडून माझ्या चुका काढायचात. ती डिरेक्टरी आता बंद झाली. वरच्या सभेने सगळ्या गावांतल्या सगळ्या मंडळ्यांसाठी मिळून एक सॉफ्टवेअर घेतलं. आता कोणाचा वाढदिवस, कोण आजारी, पाळकसाहेबांनी कोणाच्या घरी जायचं, कबरस्तानात कोणाची जागा राखीव, सगळं ते सॉफ्टवेअर आपलं आपण बघतं. मी फक्त त्याच्यासमोर बसते. कॉम्प्युटरने लोकांना पाठवायचे मराठी निरोप तेवढे माझ्याकडून लिहून घेतले. भाषा शुद्ध पाहिजे, म्हणाले. एका दुपारी बसून ढीगभर लिहून दिले.

तर झालंय असं, की तुम्ही तिकडच्या मंडळीत नाव नोंदवलंत. चांगली गोष्ट आहे, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही आमचे कुटुंबप्रमुख आहात. तुम्ही तिथे नाव टाकलंत आणि तुमच्या मागोमाग मी आणि आई, दोघीही तिकडे बदलून गेलो. सोमवारी कचेरीत आले, कॉम्प्युटर उघडला, तर आपलं घर गायब. ज्या मंडळीची यादी मी सांभाळते त्या मंडळीची मी सभासद नाही. चिटणीस हसत म्हणाले, "वहिनी, तुम्ही आता पाहुण्या. चहा घेऊन जा."

मीही हसले. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली तेव्हा हसू पळालं. बाबांच्या कबरीशेजारची जागा आईंसाठी राखलेली आहे, ती 'सभासद' म्हणून. आई सभासद नाहीत, तर ती जागा मोकळी. महिनाअखेरीस सॉफ्टवेअर ती पुढच्या माणसाला देऊन टाकेल. चिटणिसांना मी म्हटलं, आपण हाताने थांबवा. म्हणाले, "हाताने काही होत नाही वहिनी. हातच काढून घेतलेत आमचे."

आईंचं हृदय आता फार थकलंय. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नाहीत, पण औषधं लिहिताना मान वर करत नाहीत, त्यावरून काय ते समजायचं. बाबांच्या शेजारी जायचं एवढी एकच गोष्ट त्या स्वतःसाठी मागतात.

तुमच्या फोनवर एक निरोप आला असेल. तो उघडा. खाली 'कुटुंब वेगळे करा' असं बटण आहे. ते दाबा. तुमच्याशिवाय ते कोणालाच दाबता येत नाही.

पत्ता कुठून मिळाला असं वाटेल तुम्हाला. इतकी वर्षं तुमच्या मित्रांनी, जुन्या कारखान्याने ताकास तूर लागू दिली नाही. तो सॉफ्टवेअरने दिला, न मागता. फोन नंबराच्या जागी मात्र 'दाखवू नये' असं आहे. ते तुम्ही स्वतः निवडलेलं दिसतं.

— तुमच्या आईची सून

१७ फेब्रुवारी

तुमचं उत्तर नाही. मी रोज सकाळी कॉम्प्युटर उघडते आणि आमच्या नावापुढे 'कुटुंबप्रमुखाच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत' हे वाचते. हे वाक्य पण माझंच. चांगलं जमलंय.

सॉफ्टवेअरच्या मदतकेंद्राला फोन केला. बाई गोड बोलत होती, पण ऐकत नव्हती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही तुमच्या मिस्टरांना सांगा ना."

"ते इथे नसतात."

"मग फोन करा."

"नंबर नाही."

तिने काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "मॅडम, मिस्टर हयात नसतील तर तसं नोंदवा. तुम्ही आपोआप कुटुंबप्रमुख व्हाल. लगेच होतं ते."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मोह झाला. रकान्यात तारीख टाकायची की झालं. पण तसं केलं तर इथल्या सगळ्या मंडळीला शोकसंदेश जातो, तोही आपोआप, आणि तो तर मी फार मन लावून लिहिला होता. आईंच्या फोनवर तो वाजला असता. म्हणून फोन ठेवला.

दुसरे पर्याय 'विवाहित', 'अविवाहित', 'घटस्फोटित', 'विधवा'. मी यातली कोणीच नाही. नवरा कामाला गेला, आधी दर आठवड्याला फोन यायचा, मग महिन्याला, मग नंबर बंद झाला, अशा बाईसाठी रकाना नाही. तुम्ही भांडून गेला असतात तर निदान भांडण तरी हाताशी राहिलं असतं. कोणी विचारलं तर सांगता आलं असतं की अमुक कारणाने गेले. आता लोक विचारतात, "काय म्हणतात मिस्टर?" आणि मी म्हणते, "बरे आहेत."

मागच्या पत्रात एक गोष्ट अर्धवट लिहिली. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही कुटुंबप्रमुख, असं म्हटलं, जसं काही कॉम्प्युटरला ते स्वप्नात दिसलं. यादी भरताना ते नाव मी भरलं. शेजारच्या टेबलावर चिटणीस बसले होते. माझं नाव टाकलं असतं तर त्यांनी मान वळवून बघितलं असतं. म्हणून तुमचं टाकलं. घरातला गॅस, वीज, आईंची औषधं, छपराची गळती, सगळीकडे प्रमुख मीच असते. त्या एका रकान्यात मात्र लाज वाटली.

पाळकसाहेबांना जागेचं सांगितलं. भले आहेत, पण तीन गावं सांभाळतात आणि फोन दाखवेल त्या घरी जातात. म्हणाले, आईंना भेटून जाईन. एकदा आले, दारातच प्रार्थना करून गेले, गाडी चालूच होती. जागेबद्दल म्हणाले, समितीला विनंती करू, एक महिना लांबवतील. तेवढी मुदत वाढली आहे. मार्च संपेपर्यंत.

बटण दाबा.

३ मार्च

तुमच्या मंडळीने आम्हाला डिरेक्टरी पाठवली. त्यांच्याकडे ती अजून निघते, छापलेली, चकचकीत. नवीन आलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या सगळ्या प्रौढ सभासदांना एकेक प्रत, जुन्या पत्त्यावर. हेही आपोआपच झालं असणार.

मी कचेरीत होते. पोस्टमनने पाकीट आईंच्या हातात दिलं. मी घरी आले तर त्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि भिंग लावून आपलं पान वाचत होत्या. आपलं पान म्हणजे तुमचं. फोटो चर्चच्या पायऱ्यांवरचा जुना, तुम्ही डोळे मिटलेले, तो मीच कधीतरी कॉम्प्युटरमध्ये चढवला होता. खाली तिघांची नावं. त्याखाली तुमचा पत्ता.

"अगं, बघ तरी," त्या म्हणाल्या. "तिघांचीही नावं घातलीत त्याने. एकाखाली एक. मधे रेघसुद्धा नाही."

मी चपला काढत राहिले.

"घर घेतलेलं दिसतंय. पत्त्यात मजला लिहिलाय, तिसरा. लिफ्ट असेल ना गं?"

मला बोलायचं होतं. आई, हे त्याने नाही केलं, हे एका यंत्राने केलंय, यंत्राला मी एक चुकीचं नाव सांगितलं म्हणून. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तूही वाच. तुझं नाव दुसरं आहे." मी वाचलं. खरंच दुसरं होतं.

त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. किती दिवसांनी जेवल्या म्हणून सांगू.

१४ मार्च

आता इथे काय चाललंय ते तुम्हाला कळलंच पाहिजे, कारण मला एकटीला हे पेलत नाही.

आईंनी बॅग भरली आहे. ती तपकिरी, तिची चेन मधेच अडकते ती. ठेवणीतले कपडे, बाबांचा फोटो, प्रार्थनेचं पुस्तक, औषधांची पिशवी. रोज सकाळी ती उघडतात, काहीतरी काढतात, काहीतरी घालतात आणि पुन्हा लावतात. डॉक्टर आले होते. नाडी बघून म्हणाले, "आजी, काय जादू केलीत?" त्या म्हणाल्या, "मुलाकडे चाललेय." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी आणायला आत गेले.

मी विचारलं, "आणि बाबांच्या शेजारची जागा?" वाटलं, तिथे तरी अडखळतील. तर म्हणाल्या, "माती काय गं, सगळीकडे मातीच. ते घेतील समजून. त्यांना तरी कुठे करमत होतं लेकाशिवाय."

म्हणजे ज्या जागेसाठी मी तुमच्या दारात पत्रांमागून पत्रं टाकतेय, ती आता त्यांना नकोय. मला मात्र ती सोडवत नाही. उद्या यांचा भ्रम फुटला तर जागाही गेलेली असेल आणि तुम्हीही नसाल. मग या बाईकडे काय उरलं?

तिकडच्या पाळकांचाही फोन आला होता. कॉम्प्युटरने त्यांना सांगितलं होतं, तुमच्या मंडळीत एक अंथरुणाला खिळलेल्या आजी आल्या आहेत. माणूस चांगला वाटला. आईंशी बराच वेळ बोलले, फोनवरच प्रार्थना केली. मग मी फोन आतल्या खोलीत नेला आणि तुमच्याबद्दल विचारलं.

ते जरा चाचरले. म्हणाले, "मी त्यांना एकदाच पाहिलंय. एका रविवारी आले, मागच्या बाकावर बसले. दारात आमच्या ताई नवीन लोकांची नोंद घेतात, ताईंना नाही म्हणणं त्यांना जमलं नसेल. त्यानंतर दिसले नाहीत. मला वाटलं, कुटुंबाला आणायला गेले असतील."

ऐकून मी पलंगावर बसले. तुम्ही आम्हाला नेलं नाहीत हे माहीत होतं. पण तुम्ही स्वतःही तिथे नाही हे माहीत नव्हतं. तिघं मिळून एका अशा पानावर राहतोय जिथे कोणीच राहत नाही.

बाहेरून आई ओरडल्या, "काय म्हणतो तो? कधी येतोय?"

मी म्हटलं, "तब्येतीला जपा म्हणतो."

मला इतकं खोटं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्याकडून शिकले म्हणावं तर तुम्ही कधी खोटंही बोलला नाहीत. तुम्ही बोललाच नाहीत.

२१ मार्च

हे लहान पत्र आहे, पण आधीची सगळी फाडून टाकलीत तरी हे वाचा.

बटण लगेच दाबू नका. आधी आईंना फोन करा. त्यांचा नंबर जुनाच आहे, तुम्हाला पाठ होता. दोन मिनिटं बोला. म्हणा, सध्या जागा लहान आहे, म्हणा, उन्हाळा सरू दे, म्हणा काहीही. माझ्याशी बोलायची गरज नाही, मी तेवढा वेळ गच्चीवर जाईन. त्यांना तुमच्या तोंडून काहीतरी कळू दे, आणि मग दाबा. म्हणजे जागाही राहील आणि त्याही राहतील.

तुम्हाला जमत नसेल तर मला तसं कळवा. नुसतं 'नाही' लिहून पोस्टकार्ड टाका. नाही म्हणायला तरी या घरात कोणाला तुम्ही घाबरत नव्हता.

आईंचा फोन हल्ली निरोप वाचून दाखवतो. रोजचं वचन त्यांना ऐकता यावं म्हणून मी तसं लावून दिलंय. आवाज मोठा ठेवलाय. तेव्हा निरोप पाठवलात तरी चालेल, त्यांना ऐकू येईल.

२९ मार्च

अहो,

बघा, लिहून गेले. खोडत नाही.

तुम्ही बटण दाबलंत. माझं कोणतं पत्र तुम्हाला आधी मिळालं कोण जाणे. बहुधा पहिलंच मिळालं असेल आणि बाकीची पोस्टात असतील, किंवा सगळी मिळाली असतील आणि तुम्ही पहिलंच ऐकलंत, कारण ते सोपं होतं. मी कचेरीतच होते. आपल्या नावांपुढचं 'प्रतीक्षेत' एकदम गेलं आणि घर जागेवर आलं. कुटुंबप्रमुख मी. सदस्य आई. आईंच्या नावासमोर कबरस्तानातली जागा, बाबांच्या शेजारची, राखीव. चिटणीस टेबलावरून उठून आले आणि म्हणाले, "अभिनंदन वहिनी, परत आलात." मी चक्क रडले त्यांच्यासमोर. वेगळं होण्याचं कारण काय, असं सॉफ्टवेअर विचारतं, तिथे तुम्ही 'इतर' निवडलं आहे. शेऱ्याची जागा कोरी. ते बघूनही राग आला नाही, इतकी मी खूश होते.

मग लक्षात आलं. पर्स तिथेच टाकून घराकडे पळाले.

आई खिडकीपाशी बसल्या होत्या. फोन मांडीवर. मला बघून म्हणाल्या, "हा काय म्हणतोय बघ गं. मी दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा लाव." मला लावावं लागलं नाही, मला तो पाठ आहे. 'कुटुंबप्रमुखाने आपले नाव आपल्या कुटुंबातून वगळले आहे. नवीन नोंदीबद्दल अभिनंदन.' त्या दुपारी लिहिलेल्या ढिगातला आहे. लिहिताना मला वाटलं होतं, 'काढले' बरं दिसत नाही, 'वगळले' जास्त सभ्य आहे.

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. सॉफ्टवेअर, रकाना, चिटणीस, माझी लाज, तुम्हाला लिहिलेली पत्रं. तुम्ही आपणहून काहीच केलं नाहीत, मीच मागून घेतलं, असंही म्हटलं. त्या ऐकत होत्या. मला वाटलं, पटतंय. शेवटी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "त्याची बाजू नको घेऊस. लहानपणापासून तो असाच. आधी नाव घालतो, मग घाबरतो."

यंत्रावर त्यांचा विश्वासच बसत नाही. मुलाने बोलावलं होतं आणि मुलानेच नको म्हटलं, हे त्यांना जास्त खरं वाटतं. मी कितीही बोलले तरी ते मी त्यांना बरं वाटावं म्हणून रचलेलं आहे. इतके दिवस खोटं बोलले तेव्हा सगळं पटलं. खरं बोलले तर हे.

बॅग त्यांनी माझ्याकडून रिकामी करवून घेतली. ठेवणीतले कपडे परत कपाटात गेले. बाबांचा फोटो भिंतीवर लावायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, आता कशाला, लवकरच भेटणार आहोत. तेव्हापासून दोन घासांपलीकडे जात नाहीत. डॉक्टर येऊन गेले. मान वर केली नाही.

काल त्यांनी मला लिहायला सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत: "त्याला लिही, मी रागावले नाही. जागा लहान असेल. मला जेवायला फार लागत नाही, हेही लिही."

मी रागावले आहे. पण ते माझं मी बघेन.

तुम्हाला एकच मागते. आईंना परत घ्या. मला नको, माझं नाव इथेच असू दे. जागेचं काय होईल म्हणाल तर ती जाईल, त्यासाठी मी चिटणिसांशी, समितीशी, त्या मदतकेंद्राच्या बाईशी भांडेन, नाहीतर हरेन. तुम्ही यायलाही नको. फोनही नको. तुम्हाला बोलायचं जमत नाही, बटण दाबायला जमतं, हे मला आता कळलंय, तर तेवढंच मागते.

तुमच्या फोनवर तेच सॉफ्टवेअर उघडा. वर तुमचं नाव येईल, एकट्याचं. त्याखाली हिरव्या अक्षरांत 'कुटुंबात सदस्य जोडा' असं आहे. ते दाबलं की नाव विचारेल, मग नातं. नात्यांची यादी लांब आहे, घाबरू नका. पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या खाली या. तिथे 'आई' आहे.

दाबलंत की इकडे त्यांचा फोन बोलेल. तो निरोप मी आज सकाळी बदलून ठेवला आहे. आवाज मोठाच आहे.